भिंतीच्या अलीकडची भांग

भांग निवडणं म्हणजे मेथी निवडण्यासारखंच असणार, अशी माझी समजूत होती. मेथी तर मी रोज निवडत होते. शाळेतून आलं की पदर खोचायचा, जुनं वर्तमानपत्र पसरायचं आणि भिंतीला टेकून बसायचं. तशीच त्या दिवशी बसले आणि पंचवटीतून आणलेली पुडी वर्तमानपत्रावर ओतली. पाच मिनिटांत माझं डोकं फिरलं. पाला इतका वाळलेला की बोट लागलं की चुरा. तुऱ्यांच्या आत बिया अशा घट्ट बसलेल्या की एक काढायला जावं तर अख्खा तुरा मोडून हातात यावा. काड्या उचलाव्यात तर त्यांना चिकटून पालाच निघून जायचा. बोटं चिकट झाली, नखांत हिरवं गेलं, आणि तो रानटी, जड वास पातळाला असा बसला की उद्या हेच नेसून वर्गावर कसं जायचं हा वेगळाच घोर लागला.

आई समोरच्या खाटेवर भिंतीकडं तोंड करून पडली होती. तिच्यासाठीच हे सगळं चाललं होतं आणि तिनं ते खायचं नाही असं आधीच जाहीर करून टाकलं होतं. माझा स्वभाव मुळातच तापट. त्यात असा प्रकार.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. नाशकात आमच्या कॉलनीतल्या दोन खोल्यांत मी, माझा नवरा आणि आई असे तिघं राहत होतो. मी प्राथमिक शाळेत शिक्षिका, नवरा मनमाडला रेल्वेत, रोज जाऊन-येऊन. आईच्या पोटात गाठ निघाली होती. डॉक्टरांनी पोट उघडून पाहिलं, पुन्हा शिवलं आणि म्हणाले, घरी न्या, जे खावंसं वाटेल ते द्या. खावंसं वाटेल ते! तिला काहीच खावंसं वाटत नव्हतं. दोन चमचे पेज गेली तर दिवस चांगला गेला म्हणायचं. दुखण्याच्या गोळ्या तासभर पुरायच्या. झोप तर तिला विसरूनच गेली होती. मला तिला बरं करायचं होतं असं नाही, तेवढी अक्कल मला होती. तिनं चार घास खावेत आणि एकदा तरी सलग झोपावं, एवढंच मला हवं होतं.

शाळेतल्या एका बाईंनी जुन्या नाशकातल्या एका वैद्यांचं नाव सुचवलं. म्हातारे गृहस्थ. ओटीवरच्या चटईवर बसून रोगी तपासायचे. मी आईचं सगळं सांगितलं, कागद दाखवले. त्यांनी ते बाजूला ठेवले आणि विचार करून म्हणाले, "भांगेचे लाडू द्या. भूक लागेल, झोप लागेल. दुखणं जाणार नाही, पण जरा लांब सरकून बसेल."

मी विचारलं, कशी द्यायची?

"शिवरात्रीला घरी करता ना, तशीच. फक्त साखर जरा हात राखून. आणि बाजारातली तयार गोळी आणू नका, मेले तिच्यात धोत्रा कालवतात. तुऱ्यांसकट पाला आणा आणि घरीच करा. रोज सुपारीएवढा लाडू पुरे. पुढं मी सांगेन तसं वाढवू."

शिवरात्रीला घरी करता ना, तशीच. मी मान हलवली आणि "हो" म्हणाले.

आमच्या घरी शिवरात्र नव्हती. मी लहान असतानाच आईवडिलांनी धम्मदीक्षा घेतली, फळीवरचे देव निघाले, उपासतापास निघाले. पण हे त्या ओटीवर बसून सांगायचं म्हणजे त्यांच्या चेहऱ्यावर जे येणार ते बघायचं. तोंडानं ते काही बोलले नसते, सभ्य होते. पण तो चेहरा मला पाठ होता. या कॉलनीत येण्याआधी भाड्याच्या खोल्या शोधताना दारोदार तोच बघितला होता. माझं आडनाव गावावरून पडलेलं, त्यावरून काही कळत नाही, बोलणं शाळामास्तरणीचं, त्यामुळे तो चेहरा नेहमी जरा उशिरा यायचा, दुसऱ्या-तिसऱ्या प्रश्नाला. त्या दिवशी आई घरी कण्हत असताना मला तो नको होता. आणि राग म्हणाल तर आजही येतो, की एवढ्या शिकल्यासवरल्या माणसानं हे गृहीत कसं धरावं? नाशकात काय एकाच प्रकारची घरं आहेत?

घाटाजवळच्या भांगवाल्यानंही तेच. पुडी बांधता बांधता म्हणाला, "करायची कशी ते घरी ठाऊक असेलच ताई." सगळ्या गावाला ठाऊक होतं. एक आमचंच घर राहिलं होतं.

बरं, आणली. तर आई म्हणाली, "नशापानी? माझ्या तोंडात?"

"नशा नाही आई, औषध आहे."

"औशिद काळ्या बाटलीत येतं. ही भांग हाय. मी पाचवं शील घेतलंय."

पाच शिलांतलं पाचवं नशापाण्यापासून दूर राहण्याचं. बाकी कुणी हे सांगितलं असतं तर मी वाद घातला असता. आईशी कसा घालणार? माझे वडील दीक्षेआधी प्यायचे. साधं पिणं नव्हे, आईच्या हातातली पाटली जाईपर्यंत पिणं. दीक्षा घेऊन आले त्या दिवसापासून मरेपर्यंत त्यांनी थेंब घेतला नाही. आमचं घर त्या पाचव्या शिलावर उभं राहिलं, माझी शाळा त्यावर झाली, मी मास्तरीण झाले ती त्यावरच. रोज संध्याकाळी वंदना म्हणताना आई पाचव्याला आवाज चढवायची, ते मी लहानपणापासून ऐकत होते. वडील गेले तरी तिची ती सवय तशीच राहिली होती.

नवऱ्यानंही समजावून पाहिलं. "मामी, दुखण्यासाठी घेतलं तर शील मोडत नाही." ती म्हणाली, "दुखन्यासाठीच पेतो म्हनायचा हिचा बाप बी." पालथ्या घड्यावर पाणी ओतावं तसं आमचं दोघांचं चाललं होतं.

तरी मी निवडायला बसले. केलेलं समोर आलं तर खाईल, या आशेवर. आणि वर सांगितलं तसा चुरा करून ठेवला.

तेवढ्यात खाटेवरून आवाज आला. "अगं, ती काय मेथी हाय का? आसं खुडतेत व्हय?"

मी वर बघितलं. आई कूस बदलून माझ्या हातांकडं बघत होती. चेहऱ्यावर वैताग होता. कित्येक दिवसांत तिच्या चेहऱ्यावर दुखण्याशिवाय दुसरं काही मी बघितलं नव्हतं.

"मला बसतं कर. अन् सूप आन. अन् एक जाडंभरडं फडकं."

पाठीला दोन उश्या लावून तिला बसवलं. तिनं मांडीवर फडकं घेतलं, त्यावर सूप. तुरे दोन तळव्यांत धरून अगदी हलके चोळले. दाब कुठं द्यायचा आणि कुठं सोडायचा हे त्या हातांना माहीत होतं. मग सूप जरा कलतं धरून बोटानं टकटक करत राहिली. बिया गोल, त्या घरंगळत खाली आल्या. पाला जागच्या जागी राहिला. काड्या तिनं सूप पाखडून पुढच्या कडेला आणल्या आणि चिमटीनं उचलून टाकल्या. मध्येच दम लागला की थांबायची, डोळे मिटायची, पुन्हा टकटक सुरू. अर्ध्या तासात सुपात नुसता स्वच्छ पाला आणि तुऱ्यांचा भुगा उरला.

"तुला कसं येतं हे?" मी विचारलं. मला खरंच धक्का बसला होता. माझ्या आईनं आयुष्यात भांग बघितली असेल असंही मला वाटलं नव्हतं.

"इनामदाराची करायचो ना."

मग तिनं सांगितलं. तिचं माहेर नांदगावकडचं. गावात इनामदाराचं मोठं घर. शिवरात्र जवळ आली की तिथं भांगेचं पोतं यायचं आणि निवडायला महारवाड्यातल्या बायांना बोलावणं जायचं. दोन-तीन दिवस घराच्या मागच्या भिंतीशी बसायचं, उन्हात. आई पोर होती तेव्हापासून लग्न होईपर्यंत दरवर्षी तिच्या आईबरोबर जायची. निवडलेल्या भांगेच्या पाट्या भरल्या की त्या तिथंच ठेवून लांब सरायचं. मग घरातली एक बाई तांब्या घेऊन मागच्या दारात यायची, पाट्यांवर पाणी शिंपडायची आणि त्या उचलून आत न्यायची.

"म्हणजे तुमच्या हातची भांग चालायची त्यांना?"

"वर पानी शिपडलं की चालायची. कोरडी व्हती ना. कोरड्याला इटाळ कमी," आई म्हणाली, रोजच्या भाजीच्या भावाबद्दल बोलावं तशी. संतापानं माझे कान तापले होते. ती मात्र बियांतून राहिलेला पाला वेचत होती.

"मग पुढं काय करायचे?"

"पुढं आत."

"आत काय करायचे?"

"भितीपल्याड आम्हाला काय दिसनार? पर ऐकू यायचं समदं." तिनं डोळे मिटले. "आधी पान्याचा आवाज यायचा. धुवायचे आसतील. मंग पाटा. लय येळ पाटा चालायचा. मंग तुपाचा वास. तो आला की आम्ही उठायचो घरी जायला."

पाणी, पाटा, तूप. मला कृती मिळाली होती. वैद्यांकडं परत जायची गरज उरली नव्हती, याचाच मला केवढा आनंद झाला.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी कामाला लागले. भांग धुतली. हिरवं पाणी निघतंय निघतंय, संपतच नाही. नळाला पाणी यायची वेळ तासभर, त्यातलं अर्धं त्यातच गेलं. मग ओली ओलीच पाट्यावर घेतली आणि वाटली. वरवंटा निसटत होता, गोळा पाट्यावरून पळत होता. मनगटं भरून आली. तुपावर बेसन भाजलं, त्यात तो हिरवा गोळा कालवला, वरून तुपाची आणखी धार सोडली. रेशनचं रॉकेल संपत आलेलं, स्टोव्ह भकभकत होता, त्याला शिव्या घालत लाडू वळायला घेतले तर वळेनात. ओलाव्यानं पसरत होते. शेवटी थापटून थापटून ताटलीत मांडले. नवरा ड्युटीवरून आला, ताटलीत डोकावला आणि म्हणाला, "गोवऱ्या कधीपासून घरात थापायला लागलीस?"

मी त्याच्याशी रात्रीपर्यंत बोलले नाही.

आईनं हात लावला नाही. "बघू," म्हणाली. मग नवरा म्हणाला, उद्या मला सुट्टी आहे, आधी मी खाऊन बघतो, कमीजास्त झालं तर मामींना नको. त्यानं सकाळी एक खाल्ला. आम्ही मायलेकी त्याच्याकडं बघत बसलो. त्यानं सायकलची चेन काढली, साफ केली, परत बसवली. दुपारी आणखी एक खाल्ला. वर्तमानपत्र वाचलं, लहान जाहिरातींसकट. तिसराही खाल्ला. संध्याकाळी मी विचारलं, काही होतंय का? तर म्हणाला, "पोटात जरा गुडगुडतंय. बाकी नुसतं गवत."

दोन दिवसांनी उरलेल्या लाडवांवर बुरशी धरली. तूप पाव किलो, बेसन, साखर, रॉकेल, माझी मनगटं, सगळं गेलं. कशात काय नि फाटक्यात पाय! मी ताटली तशीच आईच्या समोर आदळली.

"हे बघ. पाणी, पाटा, तूप. तू सांगितलंस तसंच केलं."

ती त्या बुरशीकडं बघत राहिली. "आसं कसं व्हईल? म्या माझ्या कानानं ऐकलंय."

"कानानं! कानानं कुणी लाडू करतं का?"

एवढं बोलून गेले आणि ती जी भिंतीकडं वळली ती वळलीच. मी मोरीत जाऊन ताटली घासत बसले. मला तिचा राग आला नव्हता. राग त्या भिंतीचा होता, तांब्या घेऊन दारात येणाऱ्या त्या बाईचा होता, "घरी करता ना तशीच" म्हणणाऱ्या वैद्यांचा होता. पण त्यातलं कुणी हाताशी नव्हतं, आई होती. आत ती कण्हत होती आणि आवाज मला ऐकू जाऊ नये म्हणून तोंडात पदर धरत होती, हेही मला ऐकू येत होतं.

रविवारी सकाळी मी वैद्यांकडं गेले. अडला हरी, दुसरं काय. ओटीवर दोन रोगी बसलेले होते. ते उठण्याची वाट न बघता मी म्हणाले, "आमच्या घरी शिवरात्र नसते. आम्ही बौद्ध आहोत. आमच्यात भांग करायची कुणाला माहीत नाही. तुम्ही मला नीट सांगायला हवं होतं."

वैद्यांनी चष्मा काढला. मी त्या चेहऱ्याची वाट बघत होते. तो आला का नाही, मला सांगता येणार नाही, कारण ते एकदम चिडलेच. "मग त्याच दिवशी बोलायला काय झालं होतं बाई? फुकट तूप घालवलंत. आणि पेशंट तशीच राहिली." तुपाचं दुःख त्यांना आधी झालं, हे मी बरोबर लक्षात ठेवलं आहे. मग आत तोंड करून त्यांनी हाक मारली, "अहो, जरा यांना भांगेचं सांगा."

त्यांच्या बायको आतल्या दारात आल्या. पदराला हात पुसत उंबऱ्याच्या आतच उभ्या राहिल्या आणि सांगायला लागल्या, "हे बघा, आधी की नाही, धुऊन घ्यायची..."

"सांगू नका," मी म्हणाले. आवाज माझ्या मनात होता त्यापेक्षा बराच चढला. "दाखवा. ऐकून एकदा करून झालीय."

त्यांनी नवऱ्याकडं बघितलं. ते रोग्याची नाडी बघत होते, मुद्दाम असेल किंवा नसेल. "थांबा हं," म्हणून त्या आत गेल्या. मला वाटलं, आता मला आत बोलावतील. मी चपला काढून पायरीच्या कडेला ठेवल्यादेखील.

त्यांनी स्टोव्ह बाहेर आणला. मग कढई. मग तुपाची बरणी, मग एका डब्यातली धुऊन वाळवलेली भांग. ओटीच्या टोकाला सगळं मांडलं आणि मला समोर पाट दिला.

त्यांचं स्वयंपाकघर अंधारं, लहान असेल. जुन्या घरांत असतंच. कदाचित चूल पेटलेली असेल, जागा नसेल. की माझ्यामुळं बाहेर आणलं, हे मी तेव्हा विचारलं नाही आणि आता विचारायला कुणी नाही. मात्र शिकवलं त्यांनी मन लावून. धुऊन पिळून ती सावलीत खडखडीत वाळवायची, ओल ठेवायची नाही. मग थोड्याशा तुपावर, अगदी मंद आचेवर परतायची. हिरवेपणा मावळतो, वास बदलतो, पान चिमटीत मोडतं. "हा वास, घ्या," म्हणून त्यांनी कढई माझ्या नाकाखाली धरली. "हा आला की उतरवायची. पुढं गेली की जळली. आणि मगच वाटायची."

"म्हणजे तूप आधी आणि पाटा नंतर?"

"तर! तुपावर परतल्याशिवाय तिला काही अर्थ नाही."

"मग धुतल्या धुतल्या पाट्यावर काय वाटतात? लय वेळ?" घाईत माझ्या तोंडून 'लय' निघून गेलं.

त्यांना प्रश्न कळायला वेळ लागला. "बदाम असतील," त्या म्हणाल्या. "बदाम, खसखस, बडीशेप. भांग वाळेपर्यंत ते वाटून ठेवतात. आणि मोठा वास सुटतो तो शेवटी, बेसन-खवा भाजताना. परतायला असं कितीसं तूप लागतं?"

निघताना त्या म्हणाल्या, "आईंना आराम पडेल हो." मी नमस्कार केला. त्यांनी कढई उचलताना पुढं काय केलं ते बघायचं नाही असं ठरवून मी वळून बघितलं नाही.

घरी येऊन आईला सगळं सांगितलं. ती ऐकत होती, पण बदामांशी आल्यावर तिनं मला थांबवलं.

"म्हंजी तो पाटा बदामाचा व्हता?"

"हो."

"बदामाचा!" ती हसायला लागली. हसलं की पोटात कळ यायची, तरी थांबेना. एका हातानं पोट धरून हसत होती. "अगं, इतकी वर्सं मला वाटायचं, आपली भांग वाटतेत. माझी आय म्हनायची, ऐक, आपली भांग पाट्यावर गेली. आन् ते बदाम!" हसता हसता डोळ्यांतून पाणी आलं, ते दुखण्याचं का कशाचं, मला कळलं नाही. मला मात्र अजिबात हसू येत नव्हतं.

दुसऱ्या वेळी भांग तिनंच निवडली, बसून, थांबत थांबत. मी धुतली, पिळली, खाटेखाली सावलीला वाळवली. परतायची वेळ आली तेव्हा म्हणाली, "हितं आन." मी स्टोव्ह तिच्या खाटेशी आणला. ती कुशीवर वळून कढईत बघत राहिली. वास बदलला तेव्हा तिनंच मान हलवली. "हा वास कधी आला नव्हता भितीच्या अल्याड," म्हणाली.

लाडू वळले. या वेळी नीट वळले गेले, गोल, हिरवट-पिवळे. मी ते डब्यात भरून फडताळात ठेवले आणि मनाशी म्हटलं, आता हिनं नाही म्हटलं तर मी हिच्याशी बोलणार नाही.

संध्याकाळी वंदनेला बसलो. आई उशीला टेकून, मी आणि नवरा खाली. तिसरं शील झालं, चौथं झालं. पाचव्याला आईचा आवाज आलाच नाही. मला वाटलं, कळ आली. बघते तर तिनं ओठ घट्ट मिटलेले, डोळे उघडे. आम्ही दोघांनी पाचवं कसंबसं पुरं केलं. वंदना संपली आणि तिनं माझ्यापुढं हात केला.

"आन."

"काय?"

"लाडू आन. सुपारीयेवढा."

"आणि पाचवं?"

"म्हनलं नाय ना मी. म्हनायचं आन् मंग खायाचं, म्हंजी खोटं बोलनं. मंग चौथं बी गेलं. जायाचं तर येकच जाऊ दे."

चौथं शील खोटं न बोलण्याचं. तिनं बसल्या बसल्या हिशेब करून ठेवला होता.

ती त्या रात्री झोपली. मी दोनदा उठून श्वास चालू आहे ना हे बघितलं. सकाळी उठून तिनं दुधात कुस्करलेली भाकरी खाल्ली, आणि दोन दिवसांनी माझ्या भाजीला मीठ कमी आहे म्हणून कुरकुर केली. मला इतकं बरं वाटलं की मी मुद्दाम दुसऱ्या दिवशीही मीठ कमी घातलं. चैत्रभर असं चाललं. दुखणं होतंच, पण वैद्य म्हणाले तसं जरा लांब सरकून बसलं होतं.

फक्त संध्याकाळी ते चार शिलांवर थांबणं मला सहन होईना. रोज तेच. चौथं म्हणून ओठ मिटायचे. जिनं या पाचव्यासाठी आयुष्यभर आवाज चढवला, तिनं माझ्या लाडवासाठी गप्प बसायचं. एकदा मी चिडून म्हणाले, "म्हण ना आई. कोण बघतंय?"

"मी बघती," ती म्हणाली.

वैशाखात ती खचत गेली. बुद्धपौर्णिमेला तिनं मला पांढरं पातळ नेसवायला सांगितलं. अंगात काही उरलं नव्हतं, निऱ्या कशावर खोचायच्या हाच प्रश्न. संध्याकाळी वंदनेआधीच मी लाडवाचा डबा जवळ घेऊन ठेवला होता, संपली की लगेच द्यायचा म्हणून. चौथं झालं. मी सवयीनं तिच्या वाटणीचं पाचवं म्हणायला तोंड उघडलं आणि तिचा आवाज आला. बारीक, फाटका, पण चढवलेला. तिनं पाचवं पूर्ण म्हटलं.

मी डबा हातात धरून बसले.

"ने आत," ती म्हणाली. "आता खायाचा नाय."

"का? बरं वाटतंय ना त्यानं? झोप लागते ना?"

"लागती. पर जाताना पाची घेऊन जायाचं हाय. तुझ्या बापाला काय तोंड दावू?"

मेल्यावर कुणी कुणाला भेटत नसतं, हे तिनंच मला लहानपणी शिकवलं होतं. मी तिला ते ऐकवलं. ओरडून ऐकवलं, रडून ऐकवलं. वैद्यांच्या ओटीवर मी कशासाठी बसले होते, तेही सांगितलं. नवऱ्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला तो मी झटकला. ती ऐकून घेत होती आणि माझ्या मनगटावरून अंगठा फिरवत होती, भांग चोळताना हात चालायचा तसा हलका.

डबा मी फडताळात ठेवला आणि दार इतक्या जोरात लावलं की वरची वाटी खाली पडली.

त्यानंतर ती धड झोपली नाही. भाकरी सुटली, पेज सुटली. शेवटी नुसतं पाणी चमच्यानं घालत होतो. पण रोज संध्याकाळी तिनं पाचही शिलं मोठ्यानं म्हटली, आणि मी रोज तिच्यावर चिडत, तिच्यामागं म्हणत राहिले.